जुलाब थांबवायचे की शोष?
सरकारी अतिसार मोहिमेच्या भाषेविषयी काही विचार

पावसाळा तोंडावर आला की शाळांकडे आरोग्य खात्याच्या सूचना येतात. हात धुण्याचे प्रात्यक्षिक घ्यावे, परिपाठात अतिसाराची माहिती द्यावी, मुलांकरवी घरोघर संदेश पोहोचवावा, असे त्यात सांगितलेले असते. केंद्र सरकारने २०१४ साली 'अतिसार नियंत्रण पंधरवडा' सुरू केला. आशा कार्यकर्तीने पाच वर्षांखालील मुले असलेल्या घरी जाऊन ओआरएसची, म्हणजे आपण जिला जलसंजीवनी म्हणतो तिची, पाकिटे द्यायची, दवाखान्यांत ओआरएस आणि झिंकचा वेगळा कोपरा मांडायचा आणि शाळांत हात धुण्याचे शिक्षण द्यायचे, असे तिचे स्वरूप. २०२४ साली या मोहिमेला 'स्टॉप डायरिया', म्हणजे 'अतिसार थांबवा', असे नाव मिळाले आणि त्या वर्षी ती जुलै व ऑगस्ट असे दोन महिने चालली.

शिक्षक या मोहिमेचे नुसते प्रेक्षक नाहीत. तिचा एक भाग त्यांच्यामार्फत पार पडतो. म्हणून तिच्यातून नेमके काय शिकवले जाते आणि काय शिकवायचे राहून जाते, याची तपासणी शिक्षकांसाठी निघणाऱ्या मासिकात व्हावी, हे आम्हाला योग्य वाटते.

आधी जमेची बाजू

सरकारी कार्यक्रमांना नावे ठेवणे सोपे असते. त्यामुळे आधी जमेची बाजू मांडू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एक प्रश्न असतो : गेल्या दोन आठवड्यांत ज्या लहान मुलांना जुलाब झाले, त्यांपैकी किती जणांना ओआरएस मिळाले? २००५-०६ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे २६ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते ५०.६ टक्के झाले आणि २०१९-२१ मध्ये ६०.६ टक्के. पंधरा वर्षांत दुपटीहून अधिक वाढ झाली. तिचे श्रेय आशा कार्यकर्तींना, पुरवठा चालू ठेवणाऱ्या यंत्रणेला आणि या मोहिमांनाही दिले पाहिजे. २०१६ पासून टप्प्याटप्प्याने देशभर सुरू झालेली रोटाव्हायरसची लसही याच काळातली. मुलांच्या जुलाबांचे एक मोठे कारण तिच्यामुळे आवाक्यात आले.

पण याच आकड्यांची दुसरी बाजू अशी, की पाकीट अगदी स्वस्त असताना, सरकारी केंद्रावर फुकट मिळत असताना आणि तीन-चार दशके त्याचा प्रचार झालेला असताना, दर दहांपैकी चार आजारी मुलांना ते मिळत नाही. झिंकच्या गोळ्या तर २०१९-२१ मध्ये ३०.५ टक्के मुलांनाच मिळाल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात अजूनही दरवर्षी साडेचार लाखांच्या आसपास मुले पाचवा वाढदिवस पाहण्याआधी अतिसाराने दगावतात. राहिलेली ही तूट केवळ पाकिटांची नसून समजुतीची आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि ही समजूत पोहोचवण्यात मोहिमेची भाषाच आड येते.

साखर कशासाठी?

मुद्दा कळण्यासाठी आधी थोडे विज्ञान पाहू. जुलाब होतात तेव्हा मुलाच्या शरीरातून पाणी आणि क्षार निघून जातात. मूल दगावते ते बहुधा या शोषामुळे. मग तोंडाने पाणी पाजून तूट भरून का काढू नये? नुसते पाणी आजारी आतड्यात नीट शोषले जात नाही. नुसते मिठाचे पाणी दिले तरी फारसा उपयोग होत नाही.

लहान आतड्याच्या अस्तरातील पेशींवर एक वाहक प्रथिन असते. ते सोडियम आणि ग्लुकोज या दोघांना एकत्रच आत घेते. एकटा सोडियम आला तर हे दार त्याच्यासाठी उघडत नाही. सोबत ग्लुकोज असेल तरच दोघे आत जातात आणि त्यांच्या मागोमाग परासरणाने पाणीही शोषले जाते. ही जोडी रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली मांडली. पुढे महत्त्वाची गोष्ट लक्षात आली ती अशी, की पटकीसारख्या रोगात आतड्यातून पाणी बाहेर झिरपत असतानाही हे दार शाबूत राहते. म्हणजे एका वाटेने गळती चालू असताना दुसऱ्या वाटेने भरणा करता येतो. जलसंजीवनीतली साखर चवीसाठी नसते आणि मुलाला 'ताकद' यावी म्हणूनही नसते. ती मिठासाठी दार उघडणारी किल्ली आहे.

हे तत्त्व मोठ्या प्रमाणावर कामी आले ते १९७१ साली. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडू लागले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या तयार करवल्या, पिंपांत द्रावण कालवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. मृत्यूचे प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांवरून सुमारे ३.६ टक्क्यांवर आले. तेथे औषध पाजणारे हात रोग्यांच्या आयांचे, भावांचे, मुलांचे होते. या उपचाराचे सारे बळ त्यातच आहे. तो घरच्या माणसाने, तासन् तास, न कंटाळता करायचा असतो. न कंटाळता काम करायचे तर त्यामागचे कारण पटलेले असावे लागते.

आईचे निरीक्षण बरोबर असते

खेडोपाडी, आणि शहरांतही, एक समजूत आढळते : जुलाब होत असताना पाणी पाजले की जुलाब वाढतात, म्हणून पाणी कमी द्यावे. आरोग्य-शिक्षणाच्या साहित्यात अशा समजुतीला 'अंधश्रद्धा' म्हणून झटकून टाकण्याची रीत आहे. आम्हाला ती मान्य नाही. आईने मुलाला पाणी पाजले आणि थोड्या वेळाने पुन्हा पातळ जुलाब झाला, हे तिचे निरीक्षण खरे आहे. चुकतो तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. जुलाब दिसतो, पण आत शोषले गेलेले पाणी दिसत नाही. जे दिसत नाही ते समजावून देणे हेच तर शिक्षणाचे काम आहे.

आता या आईच्या कानावर सरकारी मोहीम कोणत्या शब्दांत येते ते पाहा. मोहिमेचे नाव 'अतिसार थांबवा'. २०२४ चे हिंदी घोषवाक्य 'डायरिया की रोकथाम, सफाई और ओआरएस से रखें अपना ध्यान'. यातले 'रोकथाम' म्हणजे प्रतिबंध. ऐकणाऱ्याच्या मनात रोकथाम, सफाई आणि ओआरएस ही एकाच माळेची मणी होतात. सफाईने जुलाब टळतात हे खरे. ओआरएसने मात्र जुलाब टळत नाहीत आणि थांबतही नाहीत. ते शोष टाळते, मुलाला जगवते आणि आजार आपल्या वेळेने ओसरेपर्यंत त्याला सांभाळते. २००२ पासून जगभर शिफारस केलेल्या, क्षार व साखर कमी असलेल्या मिश्रणाने जुलाबाचे प्रमाण थोडे कमी होते खरे. पण तेवढ्याने जुलाब 'थांबले' असे कोणत्याही आईला वाटणार नाही.

ज्या आईने 'अतिसार थांबवा' हे ऐकून पाकीट कालवले, ती दोन-तीन तासांनी काय पाहील? जुलाब चालूच आहेत. मोहिमेने दिलेले वचन तिच्या डोळ्यांदेखत मोडले. ती पेला बाजूला ठेवील आणि जुलाब खरोखर थांबवणारी गोळी किंवा सुई शोधायला निघेल. तिचे हे वागणे अडाणीपणाचे नाही. तिला जे सांगितले गेले, त्याच्याशी ते सुसंगत आहे.

घोषवाक्यात आणखी दोन उणिवा आम्हाला दिसतात. मोहीम पाच वर्षांखालील मुलांसाठी आहे; पण वाक्य सांगते 'आपली' काळजी घ्या. मूल त्यात कुठेच नाही. दुसरी उणीव अधिक मोठी आहे. जुलाबाचा काळ आणि प्रमाण थोडे तरी कमी करणारी गोष्ट म्हणजे झिंक. २००४ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ओआरएसच्या जोडीला झिंक देण्याचा सल्ला दिला आहे. आपल्याकडे सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम आणि त्याहून लहानाला १० मिलिग्रॅम, असे १४ दिवस देतात. 'थांबवा' या शब्दाच्या जवळपास पोहोचणारे औषध हेच, आणि नेमका त्याचाच उच्चार घोषवाक्यात नाही. झिंक ओआरएसच्या निम्म्यानेच मुलांपर्यंत पोहोचते, यामागे पुरवठ्याची कारणे असतील. पण ज्याचे नावच ऐकले नाही त्याची मागणी कोण करणार?

मराठीतल्या 'जलसंजीवनी' या शब्दाविषयीही एक शंका मांडतो. शब्द सुंदर आहे. पण संजीवनी म्हटले की मूर्च्छित लक्ष्मण आणि डोंगर उचलून आणणारा हनुमान आठवतो. म्हणजे ती शेवटच्या घटकेची जादूची मुळी झाली. खरे तर हे पाणी पहिल्या पातळ जुलाबानंतरच सुरू करायचे असते आणि त्यात जादू नाही. शब्द बदलावा असे आम्ही म्हणत नाही. त्या शब्दाने होऊ शकणारा गैरसमज शिकवताना दूर करावा, एवढेच सुचवतो.

नाव माहीत, घटक माहीत नाहीत

कारण न सांगता फक्त नाव पाठ करून घेतल्याचा एक परिणाम बाजारात दिसला. 'ओआरएस' ही अक्षरे आपल्या नावात वापरणारी गोड पेये अनेक वर्षे औषधांच्या दुकानांतून विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. त्यामागे हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांचा काही वर्षांचा पाठपुरावा होता.

एक हिशेब पाहू. प्रमाणित ओआरएसच्या १ लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये जेमतेम १.३५ ग्रॅम ग्लुकोज. बाजारातल्या गोड पेयांत तेवढ्याच द्रवात साधारणपणे १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. आतड्यात इतके दाट साखरपाणी गेले की परासरण उलट दिशेने होते, शरीरातले पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. एका लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात कालवले तरी हाच धोका असतो.

साखर किल्लीपुरतीच हवी, हे ज्याला समजले तो गोड पेयाच्या खोक्यावरचे नाव पाहून फसणार नाही. ज्याला फक्त तीन अक्षरे पाठ आहेत, त्याने ती अक्षरे पाहून खोका उचलला तर दोष त्याचा कसा?

डॉक्टरांचा गैरसमज

फक्त घरच्यांचेच शिक्षण अपुरे आहे, असेही नाही. २०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात कर्नाटक आणि बिहारमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सराव दिलेल्या व्यक्ती आजारी मुलाचे पालक बनून दोन हजारांहून अधिक डॉक्टर व इतर चिकित्सकांकडे गेल्या. ओआरएस दिले पाहिजे हे माहीत असूनही चिकित्सक ते का देत नाहीत, हा प्रश्न होता. उत्तर विचार करायला लावणारे आहे. या उणिवेतला सुमारे ४२ टक्के वाटा एका गैरसमजाचा निघाला : 'पालकांना ओआरएस नको असते.' साठा नसणे याचा वाटा ६ टक्के आणि दुसरी औषधे विकण्यातला आर्थिक फायदा याचा ५ टक्के होता. पालकांनी आपण होऊन ओआरएसची इच्छा दाखवली तेव्हा ते लिहून देण्याचे प्रमाण बरेच वाढले.

म्हणजे आई गप्प राहते, डॉक्टर तिच्या गप्प राहण्याचा अर्थ आपल्या मनाने लावतो आणि दोघांच्या मध्ये मूल सुकत जाते. हे मौन नुसत्या आदेशाने सुटणार नाही. ज्याला कारण कळले आहे, तोच 'डॉक्टर, ओआरएस आणि झिंक द्याल ना?' असे विचारू शकतो.

शेजारच्या देशातला धडा

हे काम कसे करता येते याचे एक उत्तम उदाहरण बांगलादेशात घडले. ही सरकारी मोहीम नव्हती. 'ब्रॅक' या स्वयंसेवी संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत ती पार पाडली. कार्यकर्त्या बायका सुमारे १ कोटी २० लाख घरी गेल्या आणि प्रत्येक आईला समोर बसवून अर्धा शेर पाण्यात तीन बोटांची चिमूट मीठ व मूठभर गूळ कालवायला शिकवले. मोजण्याची साधने तिच्या हातातच होती. काही दिवसांनी दुसरे तपासनीस त्यांतल्या थोड्या घरी जात, आईला काय आठवते ते विचारत आणि तिने बनवलेल्या पाण्याचा नमुना तपासत. त्यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे.

सुरुवातीला एक विचित्र गोष्ट दिसली. आयांना पाणी उत्तम बनवता येत होते, पण प्रत्यक्ष आजारपणात फार थोड्या जणी ते वापरत होत्या. संस्थेने आयांना दोष न देता कारणे शोधली. एक कारण असे होते, की लोकांच्या बोलीत जुलाबाचे चार वेगवेगळे प्रकार होते आणि कार्यकर्त्या वापरत तो शब्द लोक फक्त पटकीसारख्या भयंकर आजारासाठी वापरत. दुसरे असे, की कार्यकर्त्यांचाच या उपायावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. तेव्हा संस्थेने कार्यकर्त्यांना हे पाणी शरीरात कसे काम करते ते नीट समजावून दिले, घरातल्या पुरुषांशीही बोलणे सुरू केले आणि शिकवण्याचे मुद्दे दहांवरून सातांवर आणले.

आपल्याकडे या धड्याचे काय झाले? किती पाकिटे वाटली, किती शाळांत हात धुतले, हे मोजले जाते. किती आयांना समजले, हे मोजायची पद्धत मोहिमेत रुजलेली नाही. शिकवून झाल्यावर 'समजले का' हे तपासल्याशिवाय कोणताही शिक्षक पुढचा धडा घेत नाही. आरोग्य खात्याकडून तेवढीच अपेक्षा करणे गैर आहे काय?

वर्गात काय करता येईल

खात्याने भाषा बदलेपर्यंत शिक्षकांनी थांबायचे कारण नाही. परिपाठातली पाच मिनिटे आणि विज्ञानाचा एखादा तास एवढ्यात पुढील गोष्टी होण्याजोग्या आहेत.

१. *गळकी बाटली.* प्लॅस्टिकच्या बाटलीला खालच्या बाजूस बारीक भोक पाडा, पाणी भरा आणि पातळी कशी उतरते ते दाखवा. नंतर गळती तशीच ठेवून वरून हळूहळू पाणी ओतत राहा. गळती थांबलेली नाही, तरी पातळी टिकली, हे मुलांना स्वतःच सांगू द्या. 'जुलाब थांबत नाहीत, मग पाजून काय उपयोग?' या प्रश्नाचे उत्तर त्यांना डोळ्यांनी दिसेल.

२. *तांब्या मोजा.* पाकिटावर '१ लिटर' लिहिलेले असते, घरात असतो तांब्या. मुलांनी आपापल्या घरचे तांबे, पेले, लोटे एक लिटरच्या बाटलीने मोजून आणावेत आणि 'आमच्या घरी १ लिटर म्हणजे इतके' हे वहीत लिहावे. पाकीट नसेल तेव्हाचे प्रमाणही त्याखाली लिहावे : १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते पाणी टाकून द्यावे.

३. *बटाट्याची वाटी.* सोललेल्या कच्च्या बटाट्यात खळगा करून त्यात साखर घाला आणि तासाभराने पाहा. साखरेने बटाट्यातले पाणी ओढून घेतलेले दिसेल. जास्त गोड पेय आतड्यात काय करते, याचे उत्तर येथे मिळते.

४. *मोठ्या विद्यार्थ्यांसाठी गणित.* वर दिलेल्या घटकांवरून एका लिटरमध्ये ग्लुकोज आणि सोडियम प्रत्येकी किती मिलिमोल आहेत ते काढा. दोन्ही उत्तरे ७५ च्या आसपास येतील. सायट्रेटमधले सोडियमचे तीन अणू विसरू नका. घरच्या साखरेचा रेणू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचा मिळून बनलेला असतो. मग घरगुती पाण्यात साखर ग्लुकोजच्या जवळजवळ दुप्पट का घ्यावी लागते, हेही त्यांना विचारा.

५. *घरचे शब्द.* जुलाब, ढाळ, हगवण, दात येतानाचे जुलाब, टाळू पडणे असे आपल्या भागातले शब्द मुलांकडून गोळा करा आणि प्रत्येकात घरी काय करतात ते विचारा. कोणालाही हसू नका. मुलाची टाळू खोल जाते, हे आजीने पाहिलेले शोषाचेच लक्षण आहे. तिथून बोलणे सुरू केले तर आजी आपल्या बाजूची होते.

यासोबत नेमकी माहितीही पोहोचली पाहिजे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण बंद करू नये. कालवलेले पाणी २४ तासांनंतर वापरू नये. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, त्याला पिता येईना किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

शेवटी

आरोग्य खात्याकडे आमची मागणी मोठी नाही. मोहिमेचे नाव काहीही राहो. पण प्रत्येक पाकिटाबरोबर, प्रत्येक भित्तिपत्रकावर एक वाक्य लोकांच्या बोलीत यावे : 'याने जुलाब लगेच थांबणार नाहीत. पण बाळ सुकणार नाही. पाजत राहा.' झिंकचे नाव त्याच्या शेजारी असावे. पाकिटे मोजणाऱ्यांनी काही घरी परत जाऊन आईला काय समजले तेही विचारावे. खर्च फारसा वाढणार नाही.

पाजणे मध्येच सोडून दिल्यामुळे एखादे मूल दगावते, तेव्हा पाकीट त्या घरात असूनही निरुपयोगी ठरलेले असते. कमतरता असते ती फक्त 'का?' या प्रश्नाच्या उत्तराची. ते उत्तर देणे हा शिक्षकांचा रोजचा व्यवसाय आहे. येत्या पावसाळ्यात सूचना येईल तेव्हा हात धुण्याचे प्रात्यक्षिक अवश्य घ्यावे. त्यानंतर बाटलीला एक भोक पाडून पुढचा धडाही घ्यावा.